कागद फाडण्याआधी त्याच्या मागे तारीख टाक

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र चार पानी आहे, म्हणून इतर वाचकांसाठी त्याचा सारांश आधी देतो. तू पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. गाव गडहिंग्लजच्या बाजूला आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत दोन मैत्रिणींबरोबर खोली. जूनपासून एकही लँडस्केप मनासारखं झालेलं नाही. अर्ध्यात आलं की चित्र मळतं आणि तू कागद फाडतेस. दिवाळीआधी सबमिशन आहे. शेजारच्या काकूंनी आपल्या सासू-सासऱ्यांचं एकत्र पोर्ट्रेट सांगितलंय, हजार रुपये आगाऊ दिलेत आणि तेही अडकून पडलंय. मैत्रिणींच्या रील्सना लाइक्स येतात, वडील फोनवर ‘पुढं काय?’ विचारतात. शेवटी तू लिहिलंयस, "बोर्डासमोर बसलं की हातच उठत नाही. माझ्यातली कलाच संपली असं वाटतंय."

कला संपलेली नाही. हे धीर देण्यासाठी म्हणत नाही, तुझ्याच पत्रात त्याचा पुरावा आहे. चित्र कुठे बिघडलं ते तुला दिसतंय, म्हणजे नजर पुढे गेली आहे आणि हात मागे राहिलाय. दुसऱ्या वर्षात हे बहुतेकांचं होतं. पहिल्या वर्षी जे चित्र भिंतीवर लावलं असतं, तेच आता खटकायला लागतं. हे अंतर कमी करायला कामाची पद्धत बदलावी लागते. आणि तू जे बिघाड लिहिलेस त्यातले निम्मे तरी मनाचे नाहीत. ते कागदाचे, हवेचे आणि फोटोचे आहेत. आधी तेच निस्तरू.

जूनपासून चित्रं मळायला लागली असं तू लिहितेस. जूनपासून कोल्हापुरात काय असतं? पाऊस. एरवी वीस मिनिटांत सुकणारा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, आता तास-तास ओला राहतो. तू मात्र जुन्याच सवयीने दुसरा वॉश देतेस. खालचा थर दमट असताना त्यावर जास्त पाण्याचा रंग गेला की ते पाणी खालचा रंग ढकलत नेतं आणि कडेला फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो डाग घालवायला तू ब्रशने घासतेस, तिथला कागद उचकटतो आणि मग रंग तिथेच जास्त शोषला जातो. मळकेपणा इथून सुरू होतो. वॉश सुकला का हे डोळ्यांनी ठरवू नकोस. चकाकी गेली म्हणजे सुकला असं होत नाही. हाताची पालथी बाजू कागदाला अलगद लाव. गार लागला तर आत पाणी आहे. हेअर ड्रायर वापरायचा तर चकाकी पूर्ण गेल्यावरच, फूटभर लांबून, सतत हलता ठेवून. ओल्यावर मारलास तर वाऱ्याने रंगाचे ओघळ तयार होतात.

दुसरी गोष्ट याहून जास्त फसवते. जलरंग सुकला की फिका पडतो. कोरड्या हवेत तो बदल लगेच दिसतो, म्हणून अंदाज बसतो. दमट हवेत ओला गडद रंग तासभर तसाच दिसत राहतो. तुला वाटतं टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा, बरोबर बसलाय. सकाळी उठून बघतेस तर चित्र फिकं, मग त्यावर आणखी एक थर, मग आणखी एक. तिसऱ्या थरानंतर कागदाचा पांढरा उजेड आतून येईनासा होतो आणि चित्र मरतं. त्यामुळे पॅलेटवरचा रंग वाटतो त्यापेक्षा थोडा गडद घे आणि त्याच कागदाच्या पट्टीवर एक फटकारा मारून सुकवून बघ. दोन थरांत काम संपवायचं, तिसरा फक्त शेवटच्या गडद जागांना.

तिसरं, कागद. तू लिहिलंयस की मागच्या वर्षी एकदम घेतलेली 300 जीएसएमची (जाड कागदाची) शीट्स पलंगाखाली गुंडाळी करून ठेवलीत. चांगल्या कागदाला खळ दिलेली असते, त्यामुळे रंग वर राहतो. दमट जागी महिनोन्महिने पडलेल्या कागदाची ती खळ जाते आणि मग जागोजागी रंग ठिपक्याठिपक्यांनी आत ओढला जातो. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाक. मिनिटभर थेंब फुगून वर राहिला तर कागद ठीक. लगेच आत गेला आणि खाली काळपट डाग दिसला तर तो कागद जलरंगाला गेला समज. त्यावर चारकोल कर, पोस्टर कलर कर, पण लँडस्केप त्यावर जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. उरलेली शीट्स उलगडून सपाट कर, प्लॅस्टिकमध्ये घाल आणि भिंतीला न लागता उंचावर ठेव.

आता हातातल्या कामाकडे. तू बोर्डासमोर बसतेस तेव्हा एकाच वेळी किती निर्णय घेतेस ते बघ. चित्रात काय घ्यायचं, कुठे मांडायचं, ड्रॉइंग, टोन, रंग, कडा कुठे तीक्ष्ण आणि कुठे विरलेली. हे सगळं महागड्या कागदावर, सबमिशनची तारीख डोक्यावर ठेवून. हात न उठणं यात नवल नाही. हे निर्णय वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर घ्यायचे. तालमीतला पैलवान रोज जोर-बैठका काढतो, मैदानातली कुस्ती कधीतरी असते. तू रोजच कुस्ती लावून बसली आहेस.

पुढचे तीन आठवडे असे काढ.

पहिल्या आठवड्यात रंगाला हात लावायचा नाही. रोज चाळीस मिनिटं, फक्त 4बी किंवा 6बी पेन्सिल आणि स्वस्त कागद. छापखान्यात कापून उरलेला कागद मागून बघ, बऱ्याचदा वजनावर मिळतो. कागद फुकट जाण्याची भीती गेली की निम्मा ताण उतरतो. पहिली दहा मिनिटं हात मोकळा करायला: खांद्यापासून हात हलवत मोठ्या रेषा, वर्तुळं, लंबगोल. पेन्सिल लिहिताना धरतेस तशी नको, आडवी धर. उरलेली तीस मिनिटं बाहेर. एक दिवस एसटी स्टँडवर बस. गाडीची वाट बघणारी माणसं पाच-दहा मिनिटं तरी फारशी हलत नाहीत. एका माणसाला दोन मिनिटं दे, डोळे-नाक काढायचं नाही, वजन कुठल्या पायावर आहे आणि पाठ कुठे वाकली आहे एवढंच पकड.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीच्या भाजी मार्केटात जा. तिथे वेगळी युक्ती लागते. भाजी विकणाऱ्या मावशी एका ठरावीक फेऱ्यात हलतात: वजन करायला हात वर, पिशवीत ओतायला पुढे वाक, पैसे घ्यायला बाजूला वळ. एकाच पानावर या तीन अवस्थांची तीन चित्रं सुरू कर. मावशी हलल्या की पहिलं सोडून दुसऱ्यावर जा, पुन्हा वजन करायला लागल्या की परत पहिल्यावर ये. पंधरा मिनिटांत तिन्ही पुरी होतात. ‘मॉडेल हलतं’ ही तक्रारच राहत नाही, आणि चित्र ‘चांगलं’ करायला वेळच उरत नाही. अडलेल्या हाताला नेमकं हेच हवं असतं.

त्याच आठवड्यात एकदा टाउन हॉल म्युझियमला जा. वेळ आधी विचारून घे. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं तिथे आहेत. सगळी बघत फिरू नकोस, एकच निवड आणि त्यासमोर पाऊण तास थांब. वहीत दोन इंच बाय तीन इंचाचा चौकोन आखून डोळे बारीक करून त्या चित्राचे फक्त तीन टोन उतरव: कोरा कागद, मधला करडा, गडद. मग बघ, तिन्हींचा वाटा सारखा आहे का. चांगल्या चित्रात तो सहसा सारखा नसतो. एक टोन चित्राचा मोठा भाग व्यापतो, एक कमी आणि एक अगदी मोजक्या जागी. तुझी जी चित्रं ‘मेलेली’ वाटतात त्यांचाही असाच नकाशा काढ. आमचा अंदाज असा की त्यात सगळीकडे मधलाच टोन भरलेला सापडेल.

आबालाल यांच्याकडून दुसरीही गोष्ट घे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस कोल्हापूरला परत आला आणि कोटितीर्थ तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. नवा विषय सुचत नाही अशी तुझी तक्रार आहे. विषय शोधत दुचाकीवरून गावभर फिरण्यात संध्याकाळ जाते आणि शेवटी उजेड संपतो. रंगवायला एक जागा धर आणि ती सोडू नकोस. त्यांचे आश्रयदाते शाहू महाराज 1922 मध्ये गेल्यानंतर आबालाल यांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असंही सांगतात. ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडते आणि कागद फाडताना आठवते. पण आधी हजारो चित्रं झालेली होती, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

फाडण्यावर इथेच बोलून टाकू. पंधरा दिवस एकही कागद फाडायचा नाही. बिघडला की मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि एकच वाक्य लिही. ‘वाईट’ असं नाही, काय झालं ते: ‘आकाश दमट असताना झाडं घातली’, ‘घाटाच्या पायऱ्या मोजत बसले, उजेड गेला’, ‘सावली दोन बाजूंना’. कागद गादीखाली सरकव आणि बघू नकोस. पंधरा दिवसांनी सगळे जमिनीवर पालथे मांड आणि फक्त वाक्यं वाच. दहातल्या सहा-सातांवर एकच चूक असेल. ती एक चूक म्हणजे तुझा पुढच्या महिन्याचा अभ्यास. फाडलेल्या कागदातून हे कधीच कळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात रंग, पण दोनच: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. दोन्ही सारखे घेतले की जवळजवळ काळा होतो, निळा वाढवला की पावसाळी ढग, सिएना वाढवला की ओली माती. कोल्हापूरच्या पावसाळ्याला यापेक्षा जास्त रंग फारसे लागत नाहीत. पाण्याचे दोन मग ठेव, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. पूर्ण शीटचे आठ तुकडे कर, साधारण साडेसात बाय अकरा इंच. ब्रश एकच, 10 नंबरचा गोल. बारीक ब्रश खोलीवर ठेवून जा, बरोबर असला की पानं मोजायचा मोह होतो.

जागा म्हणून रंकाळा तलाव सुचवतो आणि त्याला कारण आहे. गावाकडच्या काठावर उभं राहिलं की सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि संध्याकाळी समोर. सकाळी समोरच्या प्रत्येक गोष्टीचा रंग आणि बारकावा दिसतो आणि त्यातच तू हरवतेस. संध्याकाळी उजेड समोरून आला की झाडं, इमारती, माणसं सगळी एका गडद आकारात मिसळतात, पाणी आणि आकाश उजळ राहतं. दोनच टोन उरतात. अडलेल्या माणसाने संध्याकाळीच जावं. पाऊस उघडलेल्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोच. पहिली दहा मिनिटं तीन टोनांचे छोटे नकाशे, तेही निदान तीन वेगवेगळे. त्यातला एक निवडून पेन्सिलीने पाच-सहा रेषांत मांडणी. मग आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये, थांब, हात लावून बघ, मग गडद आकार एकदाच. सूर्य टेकायला लागला की शेवटच्या पंधरा मिनिटांत टोन भराभर बदलतात. त्यांच्या मागे धावू नकोस. तू नकाशा काढलास त्या वेळचाच उजेड चित्रात ठेव. एका संध्याकाळी एक चित्र, जास्तीत जास्त दोन. तिसरं नेहमी चिडून काढलेलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात या छोट्या कागदांतले दोन निवड आणि खोलीत बसून पाव शीटवर मोठे कर, तिसरा रंग म्हणून यलो ऑकर घे. सबमिशनची चित्रं इथून निघतील. निर्णय सगळे आधीच झालेले असल्यामुळे मोठ्या कागदावर फक्त रंग लावायचं काम उरतं. आणि एक सवय: पुढे काय करायचं ते नक्की माहीत असतानाच उठायचं. ‘उद्या: डावीकडचं झाड, गडद, एकाच फटक्यात’ अशी चिठ्ठी बोर्डाला लाव, कागद टेपने चिकटवून ठेव, पाण्याचे मगही भरून ठेव. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसण्याची वेळच येत नाही.

या काळात कधी पेन्सिल-ब्रश दोन्ही नकोसे झाले तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडे वळ. गणपतीच्या आधी शाडू मिळायला अडचण नाही. दोन किलो पुरे. मुठीएवढं डोकं कर, पण डोळे-ओठ कोरू नकोस, कपाळ, गाल, नाक, हनुवटी यांची सपाट पातळी फक्त सुरीने काप. रात्री दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी एका बाजूने धर आणि सावली कुठे मोडते ते बघून काढ. बाबूराव पेंटरांनी याच गावात नाटकाचे पडदे रंगवले, तैलचित्रं केली, शिल्पं घडवली, सिनेमाचा कॅमेराही जोडला. माध्यम बदलणं म्हणजे पळ काढणं असं इथे कुणी कधी मानलेलं नाही.

पोर्ट्रेटचं बघू. सासरे हयात नाहीत, त्यांचा जुना स्टुडिओतला फोटो आहे. सासूबाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, फ्लॅश मारलेला. तू दोन्ही जोडून काढायला बसलीस आणि ‘चेहरा उठत नाही’ म्हणून रडलीस. तो कुणाच्याच हातून उठला नसता. समोरून फ्लॅश पडला की नाकाखालची, डोळ्यांच्या खोबणीतली, हनुवटीखालची सावली जाते आणि चेहऱ्याला गोलाई देणारं काहीच उरत नाही. शिवाय फोन हातभर अंतरावरून धरलेला, म्हणून नाक मोठं आणि कान मागे गेलेले. ते तू इमानदारीने उतरवलंस आणि काकू म्हणाल्या, "आमच्या आत्या अशा नाहीत दिसत."

सासऱ्यांच्या फोटोत उजेड कुठल्या बाजूने आहे ते आधी बघ. नाकाची सावली ज्या गालावर पडली आहे त्याच्या विरुद्ध बाजूने. मग आजींना घरी जाऊन भेट, त्याच बाजूला खिडकी येईल असं बसव, अगदी समोर नको आणि अगदी बाजूलाही नको, साधारण मधे. घरातले दिवे बंद, फ्लॅश बंद. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, सहा फुटांवरून, दुप्पट झूम करून. आजींशी बोलत राहा आणि दहा-बारा फोटो काढ. खिडकी चुकीच्या बाजूला असली म्हणून फोटो संगणकावर उलटा करू नकोस: पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, तीळ दुसऱ्या गालावर, आणि घरच्यांना कारण कळलं नाही तरी चेहरा परका वाटतो. मोठ्या कामाआधी आठ बाय दहा इंचावर दोघांचा चारकोलमध्ये एक अभ्यास कर. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, वर नाही. केसांमुळे हे हमखास चुकतं. साम्य पापण्यांत शोधू नकोस, ते डोळ्यांची खोबण, नाकाखालचा आणि ओठाखालचा अंधार यांच्या आकारात असतं.

रील्सबद्दल थोडक्यात: सकाळी चित्राला बसेपर्यंत फोन पिशवीत, आणि आपलं चित्र पूर्ण झाल्यावर दोन दिवस त्याचा फोटो काढायचा नाही. तीन तासांचं काम तीस सेकंदांत बघून आपला हात मंद वाटणारच.

वडिलांना आज उत्तर देऊ नकोस. हात अडलेला असताना करिअरचा निर्णय घेऊ नये, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे हेही मान. ‘सबमिशन झालं की घरी येते, तेव्हा बसून बोलू’ एवढं सांग. जाताना दोन-तीन चित्रं घेऊन जा. एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून शिक्षकी, ऑर्डरची कामं, पुढचं शिक्षण, यांचा हिशेब तेव्हा कागदावर मांडता येईल.

पत्रात एका ओळीत तू लिहून गेलीस की रात्री झोप लागत नाही आणि जेवणावरची इच्छा गेली आहे. ही ओळ आम्ही सोडून देणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे चालू असेल, चित्रच काय पण कशातच मन लागत नसेल, तर वर सांगितलेल्या कशानेही ते जाणार नाही. डॉक्टरांना दाखव. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याइतकं काही मनात येत असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आत्ता तो फोन कर आणि खोलीतल्या एका मैत्रिणीला जवळ बसवून घे.

आणि काकूंना तू तीन आठवडे टाळते आहेस, गल्लीत दिसल्या की वाट बदलतेस. या टाळण्याचं ओझं चित्रापेक्षा जड झालंय. आज संध्याकाळी जाऊन सांग: "काकू, आहे त्या फोटोवरून आत्या हुबेहूब येणार नाहीत. मला रविवारी सकाळी अर्धा तास त्यांचे फोटो काढू द्या. आधी चारकोलमध्ये दाखवते, पसंत पडलं तर पुढचं महिन्याभरात देते." आगाऊ घेतलेल्या हजारातले किती उरलेत ते जायच्या आधी मोजून ठेव. त्या नको म्हणाल्या तर पैसे कधी परत देणार ती तारीखही तिथेच सांगून ये.